शेपटीला काप दिलेली शेवंड

प्रति,
मा. अध्यक्ष आणि कार्यकारिणीचे सर्व सदस्य,
आपले मराठी मंडळ, पर्थ

विषय : जानेवारीअखेरची ‘कोकण रात्र’ आणि तिच्यासाठी सभासदांकडून मागवलेल्या शेवंडी (लॉबस्टर)

सप्रेम नमस्कार.

याच विषयावर तीन आठवड्यांपूर्वी मी तुम्हाला दीड पानी पत्र पाठवलं होतं. उत्तरादाखल व्हॉट्सॲपवर एक अंगठा आला. अंगठा म्हणजे पत्र पोचलं, पटलं की ‘काका, आता पुरे’, याचा उलगडा मला अजून झालेला नाही. दरम्यान तिकीटविक्री सुरू झाली. म्हणून आता हे पत्र मंडळाच्या व्हॉट्सॲप गटात सगळ्यांसमोर ठेवतोय. मंडळाचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही, कारण मला मंडळाची बदनामी नको आहे, कार्यक्रमात दुरुस्ती हवी आहे.

ज्यांना प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी मंडळाची ‘कोकण रात्र’ आहे. ताट ४५ डॉलरचं, त्यात अर्धी शेवंड, सोलकढी, वडे आणि भात. दीडशे ताटं ठरली आहेत. शिवाय सोडत आहे आणि तिचं पहिलं बक्षीस सहा जिवंत शेवंडींची बादली. शेवंडी कुठून येणार? तर तुमचाच निरोप असा : ‘ज्या सभासदांकडे पॉट (शेवंडी धरायचे पिंजरे) आहेत त्यांनी प्रत्येकी किमान आठ शेवंडी जमा कराव्यात. बदल्यात दोन तिकिटं मोफत.’ उरलेला पैसा मराठी शाळेच्या पुस्तकांसाठी.

शाळेची पुस्तकं हवीत, यात वाद नाही. माझी नात त्याच शाळेत ‘ळ’ काढायला शिकली. पण निरोपातली ती दोन वाक्यं वाचून मी चहाचा कप खाली ठेवला.

मी देवगड तालुक्यातला. पर्थमध्ये येऊन एकोणीस वर्षं झाली. माझ्याकडे शेवंडीचा करमणुकीचा, म्हणजे हौशी मासेमारीचा परवाना आहे, दोन पॉट आहेत आणि साडेचार मीटरची ॲल्युमिनियमची होडी आहे, जिला इथे ‘टिनी’ म्हणतात. मिंडारीच्या रॅम्पवरून पहाटे होडी सोडायची, चुनखडीच्या खडकांच्या कडेला आदल्या दिवशी टाकलेले पॉट उचलायचे आणि दुपारी फ्रीमँटल डॉक्टर, म्हणजे तो दक्षिणेचा वारा, सुटायच्या आत घरी परतायचं. निवृत्त माणसाला एवढा उद्योग पुरतो. दर खेपेची नोंद एका वहीत ठेवतो. बायको म्हणते, संसाराचा हिशेब कधी इतका नीट ठेवला नाहीत.

त्या वहीतले मागच्या हंगामाचे आकडे इथे देतो, कारण तुमचा सगळा बेत कागदावरच्या एका गुणाकारावर उभा आहे : अकरा सभासद, प्रत्येकी आठ, झाल्या अठ्ठ्याऐंशी.

हंगाम म्हणजे माझा हंगाम. २०१८पासून इथे शेवंड बारा महिने धरता येते, पण मी नोव्हेंबरअखेर ते मार्चच पॉट टाकतो. मागच्या वेळी २६ खेपा झाल्या. दोन्ही पॉटमध्ये मिळून १४३ शेवंडी वर आल्या. त्यांतल्या ५२ मापात बसल्या नाहीत. २३ माद्या होत्या, काही अंडी वाहणाऱ्या, काही छातीवर काळा डाग असलेल्या. त्या सगळ्या परत पाण्यात गेल्या. घरी आल्या ६८. म्हणजे खेपेला अडीच-पावणेतीन. परवान्यावर दिवसाला आठ धरता येतात, पण आठ हा आकडा मला अख्ख्या हंगामात दोनदाच दिसला.

आता महिन्यांप्रमाणे बघा. नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा आणि डिसेंबर धरून ११ खेपांत ४१. जानेवारीत ७ खेपांत ६. फेब्रुवारी-मार्चमध्ये ८ खेपांत २१. जानेवारीचा आकडा छापायची चूक नाही, सहाच.

ज्यांनी दोन वर्षं पॉट टाकलेत त्यांना याचं कारण माहीत आहे. नोव्हेंबरच्या सुमाराला मोठ्या होत आलेल्या शेवंडी कात टाकतात. नव्या कवचाचा रंग फिकट, जवळजवळ गुलाबीसर पांढुरका असतो. इथले लोक त्यांना ‘व्हाइट्स’ म्हणतात. या व्हाइट्स रात्री किनाऱ्याजवळचे खडक सोडून पश्चिमेला, खोल पाण्याकडे चालू लागतात. त्या चालत्या वाटेवर पॉट असला की दोन-चार पहाटा दिवाळी असते. जानेवारी उजाडेपर्यंत बहुतेक सगळी वरात पुढे गेलेली असते आणि माझ्यासारख्या दहा-बारा मीटर पाण्यातल्या माणसाला पॉटमध्ये खेकडा नाहीतर ऑक्टोपस भेटतो. ऑक्टोपस तर भलताच. तो पॉटमध्येच शेवंड फस्त करतो आणि आपल्यासाठी स्वच्छ, पोकळ कवच ठेवून जातो. मागच्या हंगामात असं नऊ वेळा झालं. पहिल्यांदा मला वाटलं, कुणीतरी चेष्टा केली.

तर ज्या महिन्यात समुद्र सर्वांत कमी देतो, नेमका तोच महिना तुम्ही प्रत्येकी आठ मागण्यासाठी निवडलात. मग माणूस काय करेल? मापाला दोन मिलिमीटर कमी असलेलीकडे डोळेझाक करेल. डिसेंबरपासून फ्रीजरमध्ये साठवत बसेल, आणि घरात किती साठवता येतात यालाही मर्यादा आहे. मी कुणावर आरोप करत नाही. पण प्रामाणिक माणसालाही वाकायला लावेल असा हा बेत आहे, आणि त्यात आमिष म्हणून दोन फुकट तिकिटं.

माझी पहिली तक्रार त्या तिकिटांचीच. करमणुकीच्या परवान्यावर धरलेली शेवंड पश्चिम ऑस्ट्रेलियात विकता येत नाही, कशाच्या मोबदल्यातही देता येत नाही. आठ शेवंडी द्या, नव्वद डॉलरची तिकिटं घ्या, याला मोबदला नाही तर काय म्हणायचं? आणि तीच शेवंड ४५ डॉलरच्या ताटात वाढली, की माझ्या साध्या बुद्धीला ती विक्रीच दिसते. तुमच्यापैकी एका सदस्याने मला फोनवर सांगितलं, ‘पैसे भाताचे आणि वड्यांचे लावलेत, शेवंड तर सभासदांची भेट आहे.’ मग जाहिरातीच्या चित्रावर वडा का नाही छापला?

इथे एक बारकावा आहे. मंडळात तो कुणाच्या लक्षात आलेला दिसत नाही. आपण धरलेली प्रत्येक शेवंड ठेवून घ्यायची ठरली की तिच्या शेपटीच्या पंख्यातली मधली पाकळी लगेच कात्रीने कापायची किंवा तिला भोक पाडायचं, असा नियम आहे. कशासाठी? ही शेवंड बाजारात आली तर कुणालाही बघताक्षणी कळावं, की ही विक्रीची नाही. आता तुमच्या दीडशे ताटांचं दृश्य डोळ्यांसमोर आणा. सोलकढीशेजारी अर्धी शेवंड, आणि प्रत्येक शेपटीच्या मधल्या पाकळीला काप. आपणच आपल्या हाताने प्रत्येक ताटावर ‘विकायला मनाई’ असा शिक्का मारून ठेवलेला असेल. आणि काप नसेल, तर ते आणखी वाईट.

मी धुतल्या तांदळासारखा आहे असं नाही. इथे नवा असताना शेजारच्या प्लंबरने नळ दुरुस्त करून दिला आणि पैसे घेईना, तेव्हा मी त्याला चार शेवंडी दिल्या. पुढच्या वेळी नळ गळला तेव्हा त्यानेच विचारलं, ‘या वेळी सहा?’ त्या ‘सहा’नंतर मला उमगलं की मी भेट दिली नव्हती, दर ठरवून बसलो होतो. तेव्हापासून त्याला रोख पैसे देतो आणि दिवाळीला फराळ.

दुसरी तक्रार तरुण मुलांबद्दल आहे, आणि ती मला जास्त सलते. तुमच्या निरोपानंतर चार-पाच जणांनी घाईघाईने परवाने काढले आणि पॉट आणले. हौस आहे, चांगलं आहे. पण त्यांना शिकवलं कुणी? डिसेंबरात रॅम्पवर आपलाच एक मुलगा भेटला, बादलीत चार शेवंडी. मी वाकून बघितलं तर दोन माद्यांच्या छातीवर, पायांच्या मधोमध, काळा डाग. मी दाखवला तर म्हणतो, ‘काका, डांबर लागलंय बहुतेक.’

त्याला हसू नका. इंग्रजीतही त्याला डांबराचा डागच म्हणतात. नर मादीच्या छातीवर बीज चिकटवतो, ते कडक होऊन काळं दिसतं. मादी ते जपून ठेवते आणि अंडी सोडताना मागच्या पायाच्या टोकाने खरवडून ती फळवते. अंडी मग शेपटीखाली पाच ते आठ आठवडे वाहते. म्हणजे डाग असलेली मादी ही लेकुरवाळी व्हायच्या वाटेवरची. तिला ठेवायचं नाही, अंडी असलेलीलाही नाही. मुलाचा चेहरा उतरला. दोघी अजून ओल्या आणि हलत्या होत्या, तशाच नेऊन खडकापाशी सोडल्या. त्या मुलाकडे माप घ्यायचं गेजही नव्हतं. बोटांनी अंदाज करत होता. दोन मोठ्या शिंगांच्या मधल्या कडेपासून पाठीच्या कवचाच्या मागच्या कडेपर्यंत ७६ मिलिमीटर, हे अंदाजाने होत नाही. गेज कवचावर सहज बसलं, मागे-पुढे हललं, की शेवंड कमी मापाची, परत पाण्यात. तेही फेकायची नाही, ठेवायची. १९८०च्या दशकातच इथल्या अभ्यासकांनी दाखवलं होतं की कमी मापाच्या शेवंडीला बोटीवर उन्हात ठेवलं, तिचे पाय तुटले किंवा तिला तिच्या खडकापासून लांब टाकलं, तर ती नीट वाढत नाही, कितीतरी मरतात. म्हणून तर पॉटला निसटायच्या फटी ठेवाव्या लागतात, लहानग्यांनी आपलं आपण बाहेर पडावं म्हणून.

रॅम्पवर त्या दिवशी अधिकारी असता तर दंड त्या मुलाला झाला असता, कार्यकारिणीला नव्हे. हे मला चुकीचं वाटतं.

तिसरी गोष्ट. एका सदस्याचं वाक्य माझ्या कानात अडकलं आहे : ‘समुद्र एवढा मोठा, अठ्ठ्याऐंशी शेवंडींनी काय होतंय?’ खरंच, अठ्ठ्याऐंशींनी काही होत नाही. पण पश्चिम किनाऱ्यावर शेवंड धरणाऱ्यांचे दोन वाटे ठरलेले आहेत : ९५ टक्के व्यावसायिकांचा आणि ५ टक्के आपल्यासारख्या सगळ्या हौशी लोकांचा. त्या पाच टक्क्यांत हजारो घरं आहेत आणि प्रत्येक घर हेच वाक्य म्हणू शकतं.

आणि समुद्र मोठा असला तरी त्याचं कोठार आटायला लागतं, हे इथल्या व्यावसायिक कोळ्यांनी पाहिलं आहे. शेवंडीची पिल्लं अंड्यातून निघाली की काचेच्या पानासारखी चपटी असतात, नऊ ते अकरा महिने भर समुद्रात तरंगतात, शेकडो किलोमीटर लांब जातात. मग पारदर्शक, इवल्याशा शेवंडीचं रूप घेऊन पोहत किनाऱ्याला येतात. ती किती येतात हे मोजण्यासाठी १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून किनाऱ्यावर खोट्या समुद्रगवताचे सापळे टांगलेले आहेत. किनाऱ्याला टेकलेलं पिल्लू तीन-चार वर्षांनी मापात येतं, म्हणून आजच्या मोजणीवरून पुढची पकड सांगता येते. २००८-०९मध्ये ही मोजणी चाळीस वर्षांतल्या नीचांकावर गेली. पॉटमध्ये तेव्हा शेवंडी भरपूर होत्या, वाईट वर्षं अजून यायची होती. तरीही लोकांनी आधीच हात आखडला, पॉट कमी केले, २०१०पासून व्यावसायिक पकडीला टनांत मर्यादा घातली, साडेपाच हजार टन, म्हणजे पूर्वीच्या सरासरीच्या निम्म्याच्या आसपास. ज्यांची कर्जं बोटींवर होती त्यांनी हे सोसलं. २०००मध्ये शाश्वत मासेमारीचं मरीन स्टुअर्डशिप कौन्सिलचं प्रमाणपत्र जगात सर्वांत आधी मिळालं ते याच मासेमारीला. ते फुकट टिकलेलं नाही.

‘आपल्याकडे कुठे असले नियम असतात’ हेही ऐकलं. असतात हो. आपल्याकडची शेवंड वेगळ्या जातीची, हिरवट करडी, शेपटीवर आडवे फिकट पट्टे. ती ३०० ग्रॅमपेक्षा लहान असेल तर निर्यात करायची नाही, असा भारत सरकारचा आदेश जुलै २००३चा आहे. तो किती पाळला जातो हा भाग निराळा. आणि नियम नसला की काय होतं तेही मुंबईने बघितलं : चपट्या जातीची शेवंड १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून ट्रॉलरनी उपसली आणि १९९४पर्यंत तो धंदा बसला. माझे काका जाळ्यातून शेवंड सोडवताना अंड्यांची मादी लागली की म्हणायचे, ‘अंड्यांची आसा ती, सोड तिका.’ नेहमी सोडायचे असं मात्र नाही. घरात पैशाची ओढ असली की तीही टोपलीत जायची, आणि त्या दिवशी काका जेवताना बोलायचे नाहीत. इथे आपल्यापैकी कुणाच्याही घरात तशी ओढ नाही. आपल्याला फक्त एक संध्याकाळ साजरी करायची आहे.

शेवटची तक्रार व्यावसायिक कोळ्यांच्या वतीने, जरी त्यांनी मला वकील नेमलेलं नाही. नोव्हेंबर २०२०मध्ये चीनने ऑस्ट्रेलियाची शेवंड घेणं बंद केलं आणि यांची जवळजवळ सगळी मिळकत एका आठवड्यात अडकली. ते दार पुन्हा उघडलं २०२४च्या अखेरीला. मधल्या वर्षांत अनेकांनी धक्क्यावर, बोटीवरूनच शेवंड विकली आणि आपण ती घेतली, स्वस्तात घेतली, फोटोही टाकले. दीडशे ताटांचं गिऱ्हाईक घेऊन आज त्यांच्याकडे जायचं सोडून आपण आपल्याच लोकांच्या बादल्या गोळा करतोय, हे आपल्याला शोभत नाही असं मला वाटतं.

तेव्हा माझ्या मागण्या सरळ आहेत.

१. पॉटवाल्या सभासदांकडून शेवंडी मागवणारा निरोप आजच मागे घ्यावा आणि मागे घेतल्याचं त्याच गटात लिहावं. मोफत तिकिटांचा व्यवहार रद्द करावा.

२. ताटात शेवंड हवीच असेल तर ती परवानाधारक विक्रेत्याकडून बिल घेऊन आणावी. परवडत नसेल तर सुरमई करावी. ती इथे स्पॅनिश मॅकरेल या नावाने मिळते आणि तव्यावर रव्यात परतली की कुणीही शेवंडीची आठवण काढणार नाही. फरकाच्या पैशांपैकी दोनशे डॉलर मी देतो.

३. सोडतीतली शेवंडीची बादली काढावी. आंब्याची पेटी ठेवा, जानेवारीत इथे आंबे असतातच.

४. पुढच्या वेळी पकडलेल्या माशांशी संबंधित काहीही करायचं असेल तर आधी मत्स्य विभागाला लेखी विचारावं आणि उत्तर सभासदांना दाखवावं. माझं कायद्याचं वाचन चुकलं असेल तर तेही त्यात कळेल, आणि मी याच गटात माफी मागेन.

५. नव्याने पॉट घेतलेल्यांसाठी एक सकाळ ठेवावी. माप, डाग, अंडी, शेपटीचा काप, पॉटला बांधलेल्या तरंगत्या फ्लोटवरचा क्रमांक, भरती-लाटांचा अंदाज बघून पॉट कधी उचलून आणायचे. दोन तास पुरतात. शिकवायला मी तयार आहे, चहा मंडळाने द्यावा.

येत्या रविवारी पहाटे पाच वाजता मी मिंडारीच्या रॅम्पवर असेन. होडीत आणखी दोघांना जागा आहे. अध्यक्ष, तुम्ही आणि खजिनदार या. लाइफ जॅकेट माझ्याकडे आहेत. ऑक्टोपसने काही शिल्लक ठेवलं असेल तर मोजमाप तुमच्या हातांनीच करू.

आपला,
एक आजीव सभासद

ता. क. : माझ्या फ्रीजरमध्ये सध्या पाच शेपट्या आहेत, पाचही काप दिलेल्या. कोणीतरी ‘काका स्वतःच्या देत नाहीत म्हणून ओरडतात’ असं म्हणाल्याचं कानावर आलं. त्यांनी घरी जेवायला यावं. तिकीट नाही.